सुईचा दिवस आणि बाजाराचा दिवस

वाचकांची पत्रं, सिस्टरबाईंची उत्तरं

1986 साली मी अक्राणी महालात एएनएम, म्हणजे उपकेंद्राची नर्स, म्हणून रुजू झाले. तेव्हा नंदुरबार जिल्हा झाला नव्हता, सातपुड्याचा तो सगळा भाग धुळे जिल्ह्यातच होता. 2020 साली आरोग्य सहायिका म्हणून निवृत्त झाले. या खेपेच्या टपालात पाच पत्रं लसीकरणाची निघाली. या एका कामात माझं आयुष्य गेलं, म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकाला ठेवून ही पाचच घेतली आहेत.

मी दुसऱ्या वर्षाला आहे. वक्तृत्व स्पर्धेसाठी ‘गरीब देश आणि लसीकरण’ हा विषय घेतला आहे. लस फुकट असूनही लाखो मुलं तिच्याविना राहतात. याचं मूळ कारण अडाणीपणा आणि अंधश्रद्धा हेच ना? मुद्दे सुचवाल का?
— एक विद्यार्थिनी, शहादा

बेटा, तुझ्या प्रश्नातलं ते ‘हेच ना’ आधी खोड. मग मुद्दे सुचायला लागतील.

माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट सांगते. महिन्यातल्या एका ठरलेल्या मंगळवारी मला एका पाड्यावर जायचं असायचं. पहाटे केंद्रातून लस घ्यायची, चार आइसपॅक घातलेला व्हॅक्सिन कॅरिअर खांद्याला अडकवायचा आणि दोन डोंगर चढून-उतरून अकराच्या सुमारास पोचायचं. पाड्यावर एखादा म्हातारा, शेळ्या, कोंबड्या. बाया नाहीत, लेकरं नाहीत. तीन महिने मी नोंदवहीत लिहिलं, ‘लाभार्थी उदासीन.’ चौथ्या महिन्यात एका आजीनं मला पाणी दिलं आणि तिथल्या पावरी बोलीत काहीतरी विचारलं. मला तेव्हा पावरी अर्धीमुर्धीच कळायची, पण प्रश्न कळला. बाजाराच्या दिवशी तू इथे कशाला येतेस?

मंगळवारी खालच्या गावचा आठवडी बाजार होता. मीठ, तेल, मिरची तिथेच मिळायची, महू आणि चारोळी तिथेच विकायची, आणि तान्ही लेकरं आईच्या झोळीतून बाजारालाच जायची. आम्ही मंगळवार का धरला होता? त्या दिवशी केंद्राची जीप मोकळी असायची म्हणून. पाड्याला कुणी विचारलंच नव्हतं. पुढच्या महिन्यापासून मी डोंगर चढलेच नाही, बाजारात मिठाच्या दुकानाशेजारी सतरंजी टाकून बसले. पहिल्याच दिवशी सतरा लेकरांचे डोस झाले. उदासीन कुणीच नव्हतं, आमचा वार चुकला होता.

आता जगाचे आकडे ही गोष्ट डोक्यात ठेवून वाच. 2024 साली जगात 1 कोटी 43 लाख बाळं अशी होती, की ज्यांना वर्षाच्या आत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांच्या लसीचा पहिला डोससुद्धा मिळाला नाही. खात्याच्या भाषेत यांना ‘झिरो डोस’ मुलं म्हणतात. त्यातली निम्म्याहून जास्त नऊ देशांत आहेत: नायजेरिया, भारत, सुदान, काँगो, इथिओपिया, इंडोनेशिया, येमेन, अफगाणिस्तान आणि अंगोला. यादीत आपलं नाव दुसरं आहे, ते भाषणात गाळू नकोस. आपल्याकडे वर्षाला दोन कोटींहून जास्त बाळं जन्मतात, त्यामुळे थोडी सुटली तरी आकडा फुगतो. 2023 मध्ये अशी सुमारे 16 लाख बाळं आपल्याकडे होती, 2024 मध्ये ती 9 लाखांवर आली. हेही सांग, कारण ती घट कुणाच्या तरी पायपिटीची आहे.

यादीतली बाकीची नावं पाहा. सुदानमध्ये 2023 पासून लढाई चालू आहे. येमेन, अफगाणिस्तान, काँगोचा पूर्व भाग, कुठेच शांतता नाही. युद्धानं किंवा अस्थिरतेनं पोखरलेल्या 26 देशांत जगातली साधारण पाव बाळं जन्मतात, पण लस न मिळालेली निम्मी बाळं तिथली आहेत. दवाखाना पडलाय, नर्स जीव घेऊन दुसऱ्या गावी गेलीय, फ्रिज चालवायला डिझेल नाही. तिथल्या आईला अडाणी म्हणून आपण कोणतं कारण शोधलं?

काँगोचं एक उदाहरण मला फार लागून राहिलंय. 2018 ते 2020 या काळात तिथे इबोलाची साथ होती. जगभरचे कॅमेरे, पैसा, तज्ज्ञ तिकडे गेले. त्या साथीत 2,287 माणसं दगावली. त्याच सुमारास त्याच देशात गोवर पसरला होता आणि जानेवारी 2020 पर्यंत त्यानं 6,000 हून जास्त जीव घेतले, बहुतेक लेकरं. इबोला नवा आणि भयंकर होता. गोवराची लस तर 1960 च्या दशकापासून हाताशी आहे, तरी तो सगळ्यांच्या सवयीचा झालेला. आपल्याकडेही गोवर अंगावर उठला की लिंबाचा पाला टांगतात आणि ‘येऊन जाईल’ म्हणतात. गोवर नुसता येऊन जात नाही, पोर घेऊन जातो, हे मला ठाऊक आहे. त्याबद्दल पुढे लिहिते.

‘फुकट’ या शब्दावरही थांब. लस फुकट असते, पण लसीचा दिवस फुकट नसतो. धाकटं कडेवर, थोरलं बोटाला, घरी गुरं, आणि त्या दिवसाची मजुरी बुडालेली. इतकं करून केंद्राला कुलूप असेल, तर ती बाई पुन्हा येईल का? राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच मोजून पाहिलं. काहीच न केलेल्या गावांत 6 टक्के मुलांचं लसीकरण पूर्ण झालं होतं. जिथे दर महिन्याला ठरल्या दिवशी, न चुकता शिबिर भरलं तिथे 18 टक्के. आणि शिबिरात दर खेपेला किलोभर डाळ आणि शेवटी जेवायच्या ताटांचा संच दिला तिथे 39 टक्के. अंधश्रद्धा हेच कारण असतं तर एक किलो डाळीनं ती पळाली नसती. पण 39 म्हणजे शंभर नव्हेत, हेही खरं. डाळ देऊनही अर्ध्याहून जास्त घरं राहिलीच.

भीती आणि अविश्वास नसतोच, असं मी म्हणत नाही. 2003 मध्ये उत्तर नायजेरियातल्या कानो भागात पोलिओचे डोस थांबवले गेले. यात मुलं न होण्याचं औषध आहे, अशी अफवा पसरली होती. सुमारे वर्षभर ते बंद राहिलं आणि तिथला विषाणू वीसेक देशांत पोचला. तो पेच कसा सुटला? स्थानिक धर्मगुरूंशी बोलून, लस पुन्हा तपासून, आणि मुस्लिम बहुसंख्य असलेल्या इंडोनेशियातून लस आणून. रागावून सुटला नाही. नायजेरियासह जागतिक आरोग्य संघटनेचा आफ्रिका विभाग 2020 मध्ये रानटी, म्हणजे निसर्गात आपोआप पसरणाऱ्या, पोलिओतून मुक्त जाहीर झाला.

आपल्या डोंगरातही अविश्वासाला कारणं होती. माझ्या सुरुवातीच्या काळात काचेच्या सिरिंज होत्या, उकळून पुन्हा वापरायच्या. कुठे घाईत नीट उकळल्या गेल्या नाहीत की लेकराच्या मांडीला गाठ येऊन पिकायची. ज्या आईनं ती गाठ पाहिली, तिनं सुईला नाही म्हटलं तर ते डोळ्यांनी पाहिलेलं होतं, त्याला अंधश्रद्धा म्हणता येत नाही. एकदाच वापरता येणाऱ्या सिरिंज आल्या आणि त्या गाठी थांबल्या. त्यानंतर नकारही कमी झाले.

शेवटी चाडचं उदाहरण घे. तिथे गुरं घेऊन फिरणाऱ्या लोकांच्या तांड्यांत तपासणी केली, तर गुरांना लस टोचलेली होती आणि एकाही लेकराचं लसीकरण पूर्ण नव्हतं. गुरांचे डॉक्टर तांड्यापर्यंत पोचत होते, माणसांचे नव्हते. मग दोघांनी एकत्र जायचं ठरवलं, एकाच गाडीत, एकाच फ्रिजमध्ये लस घेऊन. त्यातून पुष्कळ लेकरांना आयुष्यातली पहिली लस मिळाली. माझी मिठाच्या दुकानाशेजारची सतरंजी आणि त्यांची ती गाडी, मला एकाच जातीची वाटते.

माझ्या शेतावर सालदार कुटुंब आहे. त्यांच्या नातवाला दीड महिन्याचा डोस दिला तर रात्रभर ताप आला, पोर रडलं. आता आजी पुढचा डोस देऊ देत नाही. मी समजावलं, रागावलो, तरी ऐकत नाहीत. काय करावं?
— एक शेतकरी, तळोदा तालुका

भाऊ, काळजी करून पत्र लिहिलंत याचं बरं वाटलं. पण रागावणं आधी बंद करा. ती आजी रात्रभर पोर मांडीवर घेऊन जागलीय. तिच्यापुढे तुमचं-आमचं पुस्तकातलं ज्ञान तोकडं पडतं.

‘सुई नको वं माय, पोरले ताप येस,’ हे वाक्य मी चौतीस वर्षांत किती वेळा ऐकलं असेल! त्यावर माझं उत्तर एकच असायचं. हो, येतो. दीड महिन्याला जी पेंटाव्हॅलंट लस देतात, तिच्यात घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि एका प्रकारच्या न्यूमोनिया-मेंदूज्वराविरुद्धचा भाग असतो. त्यातल्या डांग्या खोकल्याच्या भागामुळे पुष्कळ बाळांना एक-दोन दिवस ताप येतो, मांडी दुखते, थोडी सुजते. शरीर लढायला शिकतंय, त्याची ती खूण आहे. चूक कुठे झाली असेल, तर हे आजीला आधी सांगितलं गेलं नाही, तिथे. लस दिल्यावर चार गोष्टी सांगायच्या, असं आम्हाला शिकवलेलं असतं: कोणती लस दिली आणि ती कशासाठी, काय त्रास होऊ शकतो, पुढचा डोस कधी, आणि कार्ड जपून ठेवून येताना आणा. गर्दीत दुसरी गोष्टच गळते आणि तिथेच आजी हातची जाते.

आता असं करा. गावच्या आशाताईंना घरी बोलवा आणि बोलणं आजीशी करायला सांगा, सुनेशी नव्हे. आपल्या घरांत तान्ह्याचा निर्णय सासूचा असतो. आजीला विचारा, तुमच्या लहानपणी, तुमच्या भावकीत डांग्या खोकल्यानं किंवा घटसर्पानं गेलेलं लेकरू आठवतं का? साठी ओलांडलेल्या बाईला बहुतेक एखादं नाव आठवतंच. ते नाव तिच्या तोंडून निघालं की आपण फार बोलायची गरज उरत नाही.

डोस दिल्यावर अर्धा तास केंद्रावरच बसा. तापासाठी नर्सबाई बाळाच्या वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल सांगतील, तेवढंच द्या. अंगावरचं दूध चालू ठेवा. सुईच्या जागी हळद, चुना, तेल, काही लावू नका, चोळू नका. झटका आला, बाळ तीन तासांहून जास्त सलग रडत राहिलं, निपचित पडलं किंवा दूध ओढेनासं झालं, तर लगेच दवाखाना. पहिल्या डोसाला नुसता ताप आला होता, एवढ्यावरून पुढचा डोस बंद करायचा नसतो.

आणि भाऊ, एक गोष्ट तुमच्याकडची. सालदाराचं साल बांधलेलं असतं, पण त्याची बायको, सून कापूस वेचायला किलोवर येतात. लसीकरणाच्या दिवशी सकाळ गेली की त्या दिवसाचे पैसे निम्मे होतात. त्या दिवशी तिची मजुरी कापू नका. वर्षभरात असे पाच-सहाच दिवस येतात. गावातल्या चार शेतकऱ्यांनी मिळून हे ठरवलं, तर आशाताईंची निम्मी पायपीट वाचेल.

मी आशा आहे. आमच्या पाड्यावर सत्राला कधीकधी गोवर-रुबेलाच्या डोसाचं एकच बाळ येतं. एका बाळासाठी बाटली फोडली तर बाकीचे डोस वाया जातात, म्हणून पुढच्या महिन्यात बोलावू असं ठरतं. हे बरोबर आहे का?
— एक आशा स्वयंसेविका, अक्कलकुवा तालुका

ताई, नाही. एका बाळासाठीही बाटली फोडायची. सरकारचा नियमही तोच आहे. तुमच्या सिस्टरना हे पान दाखवा आणि माझं नाव सांगा.

अडचण मला माहीत आहे. पेंटाव्हॅलंट, पोलिओ, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) यांची फोडलेली बाटली नीट थंड ठेवली, लेबलावरच्या, उष्णता लागली का ते दाखवणाऱ्या चौकोनाचा रंग ठीक असला, तर 28 दिवसांपर्यंत पुन्हा वापरता येते. गोवर-रुबेला आणि बीसीजीचं (क्षयाच्या लसीचं) तसं नाही. ती पूड असते, तिच्याच द्रावणात कालवावी लागते, आणि कालवल्यावर चार तासांत संपवायची किंवा टाकायची. तिच्यात जंतू वाढू न देणारं औषध नसतं, म्हणून हा नियम मोडला तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं. बाटली पाच किंवा दहा डोसांची. समोर बाळ एक. वर विचारणार, डोस वाया का गेले? आणि न आलेल्या बाळाबद्दल मात्र तितक्या जोरानं कुणी विचारत नाही. ही कुचंबणा आपल्याच डोंगरातली नाही. झांबियात काही जिल्ह्यांत दहाऐवजी पाच डोसांच्या बाटल्या देऊन पाहिल्या, तर वाया जाणारे डोस जवळपास निम्म्यावर आले आणि लस मिळालेली मुलं वाढली. कारण नर्सचा हात बाटली फोडताना अडखळेनासा झाला. वाया जाणारे डोस धरूनच मागणी केलेली असते, ताई. ते हिशेबात आहेत. बाळ हिशेबात नाही.

आता मी जे लिहिणार आहे ते आजवर कुठे लिहिलं नाही.

1991 चा नोव्हेंबर. माझ्याकडे नदीपलीकडच्या पाड्यावरून एक बाई आली, दहा महिन्यांचा मुलगा घेऊन. त्या दिवशी गोवरासाठी दुसरं कुणी नव्हतं. नुकतीच बैठक झाली होती आणि बाटल्या वाया घालवल्याबद्दल आम्हा सगळ्या जणींना सर्वांसमोर बोलणी बसली होती. मी तिला म्हटलं, पुढच्या महिन्यात ये, आणखी लेकरं असतील. ती काही बोलली नाही. ती बोलणारी नव्हती. मुलाच्या गळ्यात काळा दोरा होता आणि तो माझ्या पेनाकडे हात करत होता. आठवड्यातच त्यांची टोळी ऊसतोडीला गुजरातेत गेली, बारडोलीकडे. पुढचा महिना तिच्यासाठी नव्हताच. मुकादमाची गाडी कधी येते हे मला माहीत होतं, दर दिवाळीनंतर येते. मी तिला विचारलं नाही.

होळीला सगळे परत आले. भोंगऱ्या बाजारात ती मला दिसली, एकटी. पडावावर गोवर आला होता. पाच लेकरं गेली, त्यातलं एक तिचं. तिनं मला ओळखलं आणि नमस्कार केला.

त्यानंतर माझ्या हातून बाटली कधी अडली नाही. दोनदा खुलासा मागितला गेला, दोनदा मी लिहून दिलं: ‘एक लाभार्थी उपस्थित होता.’

तुमच्या हातात एक गोष्ट आहे ताई. ड्यू लिस्ट, म्हणजे डोस द्यायच्या बाळांची यादी, करताना प्रत्येक नावापुढे लिहा, हे कुटुंब कधी जाणार आणि कधी येणार. दिवाळीच्या आधीच्या सत्राला नऊ महिने भरलेली सगळी लेकरं गोळा करा. होळीचा आठवडा तर सोन्यासारखा, कारण सगळा डोंगर घरी असतो. त्या आठवड्यात जादा सत्र मागून घ्या. गोवर असलेलं एक पोर बाकीच्या बारा ते अठरा जणांना तो देऊ शकतं, आणि ते खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेतून लागण होऊ शकते. उसाच्या खोपटांच्या पडावात मग काय होत असेल, ते तुम्हाला मी सांगायला नको.

गांबियात गोवर-रुबेलाची लस सुईऐवजी कातडीवर चिकटवायच्या छोट्या पट्टीतून देऊन पाहिली आहे आणि 2024 मध्ये आलेले निष्कर्ष आशा वाटावी असे आहेत. एका बाळाला एक पट्टी, द्रावण नाही, वाया जाणं नाही. ती आपल्या पाड्यापर्यंत येईल तेव्हा येईल. तोवर बाटली फोडा.

आपल्याच देशात लाखो मुलं लसीविना असताना आपण आफ्रिकेला लस का पाठवायची? आधी घर सांभाळावं, असं वाटतं.
— एक वाचक, भुसावळ

दादा, घर सांभाळावं हे खरंच. पण ज्या घरांत आपली मुलं सुटतात, तिथे लस कमी पडली म्हणून सुटत नाहीत. वरची पत्रं वाचलीत तर लक्षात येईल. पुण्यात लस बनते, मुंबईत बनते. अडतं ते पुढे, रस्ता, वार, माणूस यांपाशी.

आणि रोगाची ये-जा एकतर्फी नसते. 2005 मध्ये अंगोलात पोलिओ पुन्हा आला, तो विषाणू भारतातून गेलेला होता. तिथून तो 2006 मध्ये नामिबियात पोचला. 2010 मध्ये ताजिकिस्तानात साडेचारशेहून जास्त माणसं पोलिओनं आजारी पडली, तो विषाणूही आपल्याकडचाच. 13 जानेवारी 2011 नंतर आपल्याकडे रानटी पोलिओचा एकही रुग्ण नाही. त्याआधीची कित्येक वर्षं मात्र दुसऱ्या देशांनी आपल्याबद्दल हेच म्हटलं असतं, तर चाललं असतं का?

तुम्ही भुसावळचे, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगते. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आफ्रिकेचा एक पट्टा आहे, तिथे मेंदूज्वराच्या साथी यायच्या. 1996-97 च्या साथीत अडीच लाखांवर लोक आजारी पडले, 25,000 दगावले. त्यावरची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं बनवली, अर्ध्या डॉलरहून कमी किमतीत, आणि डिसेंबर 2010 मध्ये बुर्किना फासोत ती द्यायला सुरुवात झाली. बहुतेक लसी 2 ते 8 अंशांत ठेवाव्या लागतात. या लसीला 2012 मध्ये परवानगी मिळाली, की मोहिमेत चार दिवसांपर्यंत, 40 अंशांच्या आत, बर्फाशिवाय नेता येईल. डोंगरात बर्फाचं ओझं वाहिलेल्या बाईला विचारा, ‘चार दिवस बर्फाशिवाय’ म्हणजे काय! ज्या ‘ए’ प्रकारच्या जंतूसाठी ती लस होती, त्याचा 2017 नंतर आफ्रिकेत एकही खात्रीचा रुग्ण सापडलेला नाही. आपल्या भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा तीही सवलत उपयोगाची नाही, हे मी जाणून आहे. पण असल्या लसी जितक्या निघतील, तितकं आमच्या पोरींच्या खांद्यावरचं ओझं कमी होईल. ते काम आफ्रिकेसाठी केलेलं असलं तरी उपयोग इथलाही आहे.

उन्हावरून आठवलं. लोकांना वाटतं लसीला भीती फक्त उन्हाची. पेंटाव्हॅलंट, कावीळ ब, टीडी या लसी गोठल्या तरी निकामी होतात, आणि दिसायला साधारण तशाच राहतात. म्हणून आइसपॅक डीप फ्रीझरमधून काढल्याबरोबर कॅरिअरमध्ये घालायचे नसतात. बाहेर ठेवायचे, हलवून पाहायचे, आत पाण्याचा डुबडुब आवाज आला की मगच घालायचे. पहाटे पाचला जीप हॉर्न वाजवत असते आणि ते पाणी सुटेपर्यंत थांबावं लागतं. उशीर होतो म्हणून ज्या सिस्टरला बोलणी बसतात, ती बहुतेक वेळा हेच करत उभी असते.

आमच्या शाळेच्या आवारात अंगणवाडी आहे. ऊसतोडीहून परतलेल्या दोन वर्षांच्या एका मुलीचं कार्ड हरवलं आहे. आईला किती डोस झाले ते आठवत नाही. सगळं पहिल्यापासून द्यावं लागेल का?
— एक शिक्षक, नवापूर तालुका

गुरुजी, डोस मध्ये थांबले म्हणून पहिल्यापासून कधीच सुरू करावे लागत नाहीत. जिथे थांबले तिथून पुढे जायचं.

आधी नोंद शोधा. ती जन्मली त्या उपकेंद्राच्या नोंदवहीत नाव असेल. अलीकडच्या बाळांची नोंद यू-विन या संगणकीय यादीतही असते, आईच्या मोबाइल नंबरवरून सापडते. गुजरातेत असताना ‘ममता दिवस’ला, म्हणजे तिथल्या लसीकरणाच्या दिवशी, एखादा डोस घेतला होता का, तेही विचारा. आईला तारीख आठवणार नाही, पण कोणत्या सणाच्या आसपास, मांडीला की दंडाला, तोंडात थेंब की सुई, हे आठवतं. डाव्या दंडावर वरच्या बाजूला बीसीजीचा व्रण आहे का पाहा. नसला तरी ती लस आता द्यायची नाही, तिची मुदत वर्षापर्यंतच असते.

काहीच सापडलं नाही, तर डोस झालेला नाही असं धरून चाला. एखादा डोस जास्त झाला तर बिघडत नाही, राहिला तर बिघडतं. गोवर-रुबेलाचे दोन डोस पाच वर्षांपर्यंत देता येतात, दोहोंत किमान चार आठवड्यांचं अंतर ठेवून. पोलिओचे थेंबही पाच वर्षांपर्यंत, आणि डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांची लस) सात वर्षांपर्यंत. वर्षाच्या आत पेंटाव्हॅलंट सुरूच झाली नसेल, तर आता तिच्याऐवजी डीपीटी मिळेल. किती आणि कधी, ते सिस्टर नवीन कार्डावर लिहून देतील.

त्या नव्या कार्डाचा फोटो आईच्या, बापाच्या आणि तुमच्या, अशा तिघांच्या फोनमध्ये ठेवा. बापाला सांगा, देशात कुठेही सरकारी सत्रावर ही लस फुकट मिळते, तिथलं रेशनकार्ड किंवा पत्ता लागत नाही. आणि दिवाळीच्या आधी त्यांची टोळी कोणत्या गावी जाणार ते मुकादमाला विचारून कार्डाच्या मागे पेन्सिलीनं लिहून ठेवा.